चूप रे कुकर

नाईट शिफ्ट करून आलो की मी दुपारपर्यंत झोपतो. तोवर आमच्या हुडको कॉलनीतल्या घरात कुकरलाही शिट्टी मारायची मनाई असते.

एके आठवड्यात स्टील प्लांटच्या कॅन्टीनमध्ये लोक मला पाहून तोंड दाबून हसू लागले. मी शर्टाच्या गुंड्या तपासल्या. मग वाटलं, माझी बदली ठरली असणार आणि हे लेकाचे मला सांगून नाही राहिले. शेवटी सोबतच्या ऑपरेटरनं मोबाईल पुढे केला.

माझ्या मुलीनं मैत्रिणींबरोबर मिनिटभराचं रॉक गाणं केलं होतं, आणि ते अख्ख्या भिलाईत वाजत होतं. "चूप रे कुकर, बाबा झोपले," असं ती गिटारवर बोंबलत होती. मागं कसला तरी जाड, खरखरीत आवाज ताल धरून होता. तो कोणता बाजा, मला कळेना.

घरी बायकोला ऐकवलं. मी घोरतो, असं ती लग्नापासून म्हणते आणि मी तिला खोटं पाडतो.

"आता तरी मानता का नाही तुमी?" ती म्हणाली.

"मले हे शेजारच्याचं वाटून राहिलं," मी म्हटलं.

पण तेव्हापासून झोपायच्या आधी मी पलंगाखाली पोरीचा मोबाईल शोधतो.