कोरी ओळ
नात नखांना नेलपॉलिश लावायला बसली की मी खोलीतून उठून जातो. वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात मी कारकून होतो, तेव्हा स्टेन्सिलवरची चूक बुजवायच्या लाल औषधाला असाच वास यायचा. शिकलोही मी त्याच कॉलेजात. ऐंशीच्या सुमारास माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला, आणि कोण कुठे, कोणत्या हुद्द्यावर आहे याचं पत्रक सायक्लोस्टाइल करायचं, म्हणजे स्टेन्सिलवर टाइप करून त्याच्या प्रती काढायचं काम माझ्याकडे आलं. आलेल्या पत्रांत होस्टेलमधल्या माझ्या रूम पार्टनरचंही पत्र निघालं. माझ्या नोट्स वाचून परीक्षा पास होणारा तो सेलूचा पोरगा डेप्युटी कलेक्टर झाला होता. त्याची ओळ मी टाइप केली, दोनदा वाचली आणि ब्रश बुडवून अख्खी बुजवून टाकली. मेळाव्याला तो आला तो थेट माझ्या खांद्यावर हात टाकूनच. शाईचा वास मारणारं पत्रक त्याने वरपासून वाचलं आणि मधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "इथं तुह्यंच नाव होतं ना बे?" तो म्हणाला. "सोताचं लिहाले लाजतो तू, मले का मालूम नाई?" मग खिशातला पेन काढून त्याने तिथे माझं नाव लिहिलं, ठळक अक्षरात. स्वतःचं नाव त्याने शोधलंसुद्धा नव्हतं. त्याच्या कलेक्टरीबद्दलची जळजळ पुढे शमली. त्याने लिहिलेल्या माझ्या नावाची मात्र अजून शमलेली नाही.