घाणेरीवरचे रोहेकर

रविवार, ८ डिसेंबर, सकाळी साडेआठ. आमचे व्याही रोह्याहून पेणला आमच्या दारात येऊन उभे राहिले. मुलीच्या सासरी येऊन मुलीआधी घाणेरीच्या कुंपणाची विचारपूस करणारा दुसरा गृहस्थ अख्ख्या रायगड जिल्ह्यात नसावा.

त्यांचे आयुष्य कोळ्यांत गेले. जाळे विणणारे कोळी नव्हेत. घाणेरीच्या पानांचा रस शोषणारे, धुळीच्या कणाएवढे. रोह्याच्या कोळ्याच्या पाठीवरचे केस लांब, पेणच्याचे आखूड आणि निडीच्याचे मधले, असे त्यांचे ठाम मत आहे. त्यापायी ते निडी स्थानकावर उतरतात, फलाटामागची घाणेरी तोडतात आणि पुढच्या गाडीची वाट पाहत बसतात. स्थळ पाहायला आले तेव्हा त्यांनी माझ्या मुलाचा पगार विचारला नाही. कुंपणावर औषध मारता का, एवढेच विचारले. मी नाही म्हणालो. लग्न ठरले.

त्या रविवारी मात्र त्यांचा चेहरा उतरला होता. रोह्यातल्या कुंडलिका नदीकाठची घाणेरी आदल्याच दिवशी जेसीबीने साफ झाली होती आणि लांब केसांचे कोळी त्यांना दुसरीकडे कुठेही सापडलेले नव्हते. हाती लागलेल्या चार फांद्या स्टीलच्या डब्यात होत्या. तो डबा ओट्यावर ठेवून ते तुलनेसाठी आमच्या कुंपणाची पाने तोडायला गेले. तिथे भेटलेल्या शेजाऱ्यालाही केसांचे महत्त्व समजावून दिल्यामुळे परतायला दुपार झाली. डबा घासून लखलखत होता. आत पोह्याचे पापड होते.

"सुकलेला पाला व्हता तो. मागं कुंपणावर टाकला," माझी पत्नी म्हणाली. "व्याह्यांचा डबा रिकामा कसा धाडायचा?"

"विहीणबाई, ते शेवटचे रोहेकर होते."

"मंग सांगायचं तरी. पाल्यावर नाव लिवलंय काय?"

फांद्या सापडल्या. व्याह्यांच्या पिशवीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या ओस होत्या. सुकलेली पाने सोडून मंडळी आमच्या कुंपणाच्या हिरव्या पानांवर पांगली होती. व्याही बराच वेळ भिंगातून डोळा काढीनात.

"आता यांच्या पिढ्या इथेच वाढणार, व्याहीबुवा," ते शेवटी म्हणाले. "केस लांब राहतात की आखूड होतात, ते बघायला हवं. मी अधूनमधून येत जाईन. चालेल ना?"

या घरी येण्यासाठी त्यांनी आजवर कधी विचारले नव्हते. मी चालेल म्हणालो. पापड घेऊन ते चारच्या एसटीने गेले.

दुसऱ्या दिवशी घाणेरी काढून तिथे भिंत घालायला गवंडी येणार होता. संध्याकाळी त्याला फोन केला आणि उतरवलेल्या विटा परत न्यायला सांगितल्या.