दुसरं बोट

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

आमच्या चौलच्या घरी गणपतीत सगळे जमले की दुपारी माफियाचा खेळ रंगतो. चिठ्ठ्या काढायच्या, दोघं चोर, बाकीचं गाव. चोर कोण ते गावाला ठाऊक नसतं. भरपूर भांडायचं आणि मग एकेकाने संशयिताकडे बोट करायचं. जास्त बोटं ज्याच्याकडे, तो बाद. यात मी पटाईत. माझी युक्ती साधी — पहिलं बोट आपलं नसावं. पहिल्यावर सगळ्यांचा डोळा असतो. दुसरं कोणाच्या लक्षातही राहत नाही, पण बाकीचे जातात त्याच्याच मागे.

मग केतकी आली, माझी धाकटी जाऊ. हसरी, बोलकी, आल्या आल्या सासूबाईंच्या गळ्यातला ताईत. इतक्या वर्षांत माझ्या मोदकांना त्यांनी कधी बरं म्हटलं नाही. हिच्या फुटलेल्या मोदकांचंही कौतुक! जळायची मी. हो, जळायची — दुसरा शब्द कशाला शोधू?

खेळात मात्र ती अगदी कच्ची. एकदा कपडे वाळत घालताना मला म्हणाली, "ताई, चोर असले ना की मी भरभर बोलते. पण खोटा आळ आला की माझी वाचाच बसते बघा." विश्वासाने सांगितलं बिचारीने. मी ते नीट जपून ठेवलं.

त्या वर्षी सासूबाईंनी जाहीर करून टाकलं, "यंदा गौर केतकी आणील." तेरड्याची गौर हातात घेऊन उंबरा ओलांडायचा मान — तो माझा होता. मी हसून म्हटलं, आणू दे की. आणि आतून? आतून मला रडावंसं वाटत होतं.

गौर यायच्या दिवशी दुपारी मुखवट्याचा डबा उघडला, तर नाकाचा टवका उडालेला. "कोणी पाडलान गं हा?" सासूबाईंचा आवाज कापत होता. नणंद चेष्टेने म्हणाली, "चला, मतदान करू या!"

डबा माळ्यावरून केतकीने काढला होता. सगळे तिच्याकडे बघायला लागले. आणि ती — गप्प. ओठ हलले, शब्द फुटेना. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या गप्प बसण्याचा अर्थ अख्ख्या घरात मला एकटीला ठाऊक होता ना!

नणंदेचं बोट तिच्याकडे गेलं. दुसरं माझं.

मग बाकीची आलीच. चेष्टाच होती, म्हणाल? सासूबाई हसल्या नाहीत. "गौर थोरलीच आणील," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मुखवटा कोणी पाडला, ते अजून कळलेलं नाही. केतकीने नव्हे, हे मला तेव्हाच कळलं होतं — बोट उचलायच्या आधी.

तेव्हापासून दरवर्षी गौर मीच आणते. खेळात आता मी केतकीकडे कधी बोट करत नाही, पण त्याने काय होतंय? ती खालमानेने कुंकवाची पावलं उमटवत पुढे जाते, मी गौर घेऊन त्यांवरून चालते. उंबऱ्याशी सासूबाई विचारतात, "गौर कशाच्या पावलांनी आली?" उत्तर आणणारीने द्यायचं असतं. केतकी मान वर करून माझ्याकडे बघत असते.

"सोन्याच्या पावलांनी," मी म्हणते.