न उलटलेलं पान

कांचन वैद्यचा राग तापट नव्हता. तो थंड होता आणि टिकाऊ होता.

ती अमेरिकेतल्या श्रूजबरीत राहते आणि वूस्टरमधल्या एका जुन्या ग्रंथसंग्रहालयात हस्तलिखितं सांभाळते. डॉक्टर थॅचर यांचा पत्रव्यवहार तिच्याच ताब्यात आहे. या भागात देवीची लस पहिल्यांदा टोचली ती या थॅचरनी, दोनशे वर्षांपूर्वी. लशीत भिजवलेला दोरा इंग्लंडहून बाटलीतून यायचा, कधी वाटेतच निकामी व्हायचा. गावानं त्यांच्या खिडक्यांवर दगड मारले होते. थॅचरना अपमान विसरता येत नसे, म्हणून कांचनला ते आवडायचे.

मागच्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला तिची मुलगी इशिता आपल्या आठ महिन्यांच्या मुलाला, ऋषीला, घेऊन आली होती. तिथं राज कुलकर्णीचा मुलगा तापानं लाल झालेला, खोकत खोकत मोदक खात होता. राज आयटीतला, गोड बोलणारा. लस म्हणजे कंपन्यांचा धंदा, असे व्हिडिओ तो मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा. त्याची मुलं बिनलशीची होती. दीड आठवड्यानं ऋषीला गोवर झाला. गोवराची लस वर्षाच्या आत देत नाहीत, त्यामुळे त्याला ती मिळालेलीच नव्हती. ताप मेंदूत गेला. ऋषी वाचला, पण त्याचे कान गेले.

राज हॉस्पिटलात भेटायला आला आणि म्हणाला, "काकू, नशीब असतं. बाळाची इम्युनिटीच वीक असेल."

कांचननं त्याला लिफ्टपर्यंत सोडलं.

वसंतात राजचा फोन आला. "काकू, तुमच्याकडे त्या थॅचरची पत्रं आहेत ना? लस टोचल्यावर माणसं मेली, असं त्यानंच लिहिलंय म्हणे. मी टाउन लायब्ररीत टॉक देतोय. फोटो मिळेल?"

"ये की," कांचन म्हणाली.

तो जेवणाच्या सुट्टीत आला, घाईत. कांचननं पत्र त्याच्यापुढे ठेवलं. पहिल्या पानाच्या तळाशी ओळ होती: माझ्या लशीनंतर या गावात माणसं मेली, आणि हे मी लपवणार नाही. राजचे डोळे चमकले. त्यानं फोटो काढला, थँक्यू म्हणाला आणि कोट चढवला. पत्र दोन पानी होतं. त्यानं पान उलटलं नाही आणि कांचननंही उलटून दाखवलं नाही.

टॉकला हॉल भरला होता. बरीचशी मराठी माणसं, काही अमेरिकन शेजारी. ती ओळ पडद्यावर आली तेव्हा हॉलमध्ये कुजबुज झाली. कांचन उठली.

"राज, पुढचं पान दाखव."

"काकू, पुढचं पान नाहीये."

"आहे. मी आणलंय."

तिनं ते वाचून दाखवलं. एका लोभी दुकानदारानं लशीऐवजी देवीच्या रोग्याचा पू दोऱ्याला लावून विकला होता. मेले ते त्या दोऱ्यानं. खरी लस टोचलेल्यांपैकी एकही दगावला नव्हता, आणि त्यात थॅचरची स्वतःची मुलं होती.

राजचा चेहरा उतरला. "तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तेव्हा ऐकायला लोक नव्हते."

मग ती लोकांकडे वळली आणि गणपतीतल्या त्या तापाबद्दल बोलली. राज ओरडला, "तो नुसता व्हायरल होता! आम्हाला काय माहीत?"

मागच्या रांगेतून त्याची बायको रुपाली उभी राहिली. "अंगावर पुरळ होतं, राज. मी म्हणाले होते, घरी थांबू या. तू त्याला फुल शर्ट घातलास."

एवढं कांचनलाही ठाऊक नव्हतं. ती खाली बसली. तोंडात काहीतरी गोड विरघळावं तसं तिला वाटत होतं.

त्यानंतर राजला कुणी जेवायला बोलावलं नाही. रुपालीनं दोन्ही मुलांना लशी दिल्या. एका रविवारी राज कांचनच्या दारात आला. वाळला होता.

"काकू, मला माफ करा."

"माफी ऋषीकडे माग," ती म्हणाली. "त्याच्या कानात सांग."

तिनं दार लावलं. आत इशिता उभी होती. "आई, स्टॉप. प्लीज. मला रोज ऋषीकडे बघायचंय, तुझ्या रागाकडे नाही."

"तुला नसेल राग. मला आहे."

पुढे ऋषीच्या कानामागे ऑपरेशन करून यंत्र बसवलं. आता तो आवाजाकडे वळतो, कधी कधी. कांचन त्याला घेऊन बसते आणि न थकता त्याचं नाव घेत राहते.

उन्हाळ्यात समजलं, राजनं दूर दक्षिणेत, अल्फारेटा नावाच्या गावात नोकरी घेतली. तिथल्या मंडळाची सेक्रेटरी सरला ही कांचनची कॉलेजची मैत्रीण. कांचननं त्याच दिवशी तिला फोन लावला, सगळं सांगितलं आणि राजला मंडळात बोलावू नका म्हणाली.

सरला ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "आणि बायको कशी आहे गं? मुलं लहान आहेत ना?"

भर हॉलमध्ये उभी राहिलेली रुपाली कांचनच्या डोळ्यांपुढे आली.

"बायको चांगली आहे," ती म्हणाली. "पण तिलाही बोलावू नका."