आमच्या स्लॅबवरची विजेची पेटी

व्रत धरलं की कहाणी एकच सांगायची असते. पाहुणी घरात राहिली की मात्र कहाण्या आपोआप साठत जातात, आणि आमच्या हिर्डोशीच्या घरी तर पाहुणी म्हणून एक पेटीच राहिली होती! अजून चार बायका जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "वैनी, त्या पेटीचं सांगा की."

पुण्याहून सायली नावाची संशोधक मुलगी आली होती. गडगडाटी ढगांतून गॅमा किरण निघतात, डोळ्यांना न दिसणारे. ते मोजणारी पेटी तिला दिवाळीपर्यंत आमच्या स्लॅबवर ठेवायची होती. एक तरी चांगली नोंद मिळाली, तरच तिचा अभ्यास पुढं सरकणार होता.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, ऐकूनच उठल्या. त्यांच्या धाकट्या भावाला ऐन तारुण्यात विजेनं नेलेलं. "चोरावानी येती ती! तिला घरावर बोलवायचं व्हय?"

"आजी, पेटी बोलवत नाही. नुसती मोजते."

आत्याबाईंनी तिच्या सुकलेल्या तोंडाकडं बघितलं. "जेवलीस का?"

पिठलं-भाकरी खाऊन होईपर्यंत परवानगी मिळाली होती!

*

पेटी बसली तो माझा उपवासाचा सोमवार. मी हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली आणि नारळ उचलला.

"काकू, पेटीवर नको हां!" सायली किंचाळलीच.

मग नारळ पायरीवर फोडला. खोबरं मात्र सगळ्यांत जास्त तिनंच खाल्लं.

*

आमच्याकडं वीज कडाडायला लागली की अंगणात लोखंड टाकतात. म्हणजे ती घर सोडून देते, असं जुनी माणसं म्हणतात. एकदा आभाळ फाटल्यागत झालं आणि सायलीचा फोन आला.

"काकू, सगळे आत आहात ना?"

"आम्ही आत. कोयता बाहेर."

"आणि आजी?"

"कोयता टाकायला गेल्यात!"

"अहो, आधी आजींना आत घ्या!"

*

नवरात्रात तिन्हीसांजेला लाईट गेली. "पाहुणीला अंधारात ठिवू नये," म्हणून आत्याबाईंनी माळ्यावरची जुनी गॅसबत्ती काढली आणि पेटवून पेटीशेजारी ठेवायला लावली.

बॅटरीवरच्या पेटीची नोंद तिकडं पुण्यात सायलीला दिसायची; लगेच तिचा फोन. "काकू, केवढं वादळ आलंय ना?"

"न्हाई गं. चांदणी दिसतीय."

सकाळच्या एसटीनं ती धावत आली. बत्ती बघून तिनं कपाळाला हात लावला. जुन्या बत्तीच्या जाळीतच असले किरण सोडणारं काहीतरी असतं म्हणे! मला वाटलं, आता रागावेल. पण ती हसत सुटली.

"मंजी पेटीची नजर चांगली हाय," आत्याबाई म्हणाल्या. पेटीची परीक्षा घेतल्यासारखंच समाधान होतं त्यांच्या तोंडावर.

*

तरी खरी नोंद काही मिळेना. पोरगी फोनवर मलूल बोलायची. मी देवीपुढं पदर पसरला, "आई, हिला एक वीज दे. पण लांब डोंगरावर पाड, कुणाच्या जिवावर नको."

मागून आत्याबाई म्हणाल्या, "नवस बी अटी घालून करती, बघा!"

*

दिवाळी तोंडावर आली आणि सायली पेटी न्यायला आली. त्याच दुपारी वरंधा घाटाच्या बाजूनं ढग भरून आला. ती ओटीवर लॅपटॉप उघडून बसली. एरवी कानांवर हात दाबून आत बसणाऱ्या आत्याबाई त्या दिवशी तिच्या शेजारी येऊन टेकल्या.

पडद्यावर किरणांची एक रेघ सरकत होती. पाऊस लागला तशी थोडी उचलली. "ही पावसामुळं," सायली म्हणाली. मग रेघ पुन्हा चढायला लागली आणि चढतच गेली. सायलीनं माझा हात घट्ट धरला. बाहेर विजेचं अजून काहीच नव्हतं.

आणि कडाड्! समोरचा डोंगर पांढराफेक झाला. रेघ धाडकन खाली.

"मिळाली काकू, मिळाली!" पोरगी हसत होती आणि रडतही होती. आत्याबाईंनी तिला पोटाशी धरलं. मग पडद्यावर बोट ठेवून हळूच विचारलं, "ही वर चढली, तवा ती आली नव्हती न्हवं?"

"नाही आजी. कधी कधी किरण असे आधी येतात. दर वेळी नाही."

आत्याबाई उठल्या. दाराशी गेल्या, डोक्यावर पदर घेतला आणि आभाळाकडं बघून म्हणाल्या,

"सांगून येत हुतीस व्हय गं बाई? आमालाच ऐकू येत नव्हतं."