नापास कुलुपं

गजभिये काका कुणाच्याही सायकलीजवळून जाताना आधी वाकून तिचं कुलूप बघायचे आणि मग घासात केस आल्यासारखं तोंड करायचे. "शी! नापास," एवढं म्हणून पुढच्या सायकलीकडे वळायचे.

माझी त्यांची ओळख अशीच झाली. इथे अमेरिकेत, नेपरव्हिलच्या लायब्ररीबाहेर मी सायकल लावत होते. कानाला फोन, फोनवर पुण्याहून आई. पुढच्या चाकातून कुलूप ओवलं, स्टँडला अडकवलं आणि निघाले, तेवढ्यात मागून चक्क मराठीत आवाज आला, "बेटा, चोरासाठी पूर्ण सायकल ठेवून चालली का?" मी वळून पाहिलं. डोक्याला कानटोपी, पायात पांढरे बूट, असे एक सत्तरीचे गृहस्थ. मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढच्या चाकाचा खटका उघडला आणि सायकल उचलून बाजूला घेतली. चाक कुलुपासकट स्टँडलाच राहिलं. "हे चाक तुझं. बाकीची सायकल माझी. आता जा घरी, चाक गरगर फिरवत." मला भयंकर राग आला. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

काका नागपूरच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. काकू गेल्यावर मुलीकडे, सुजाताकडे, कायमचे राहायला आले. तिचं घर आमच्या मागच्या गल्लीत. येताना बॅगेत त्यांनी सीताबर्डीहून घेतलेलं सायकलीचं गोल कुलूप आणलं होतं. मागच्या चाकावर बसवायचं, खटका दाबला की चाक अडतं. इथे सायकल घेतल्यावर त्यांनी ते तिला बसवलं आणि एक दिवस दुकानाबाहेर सायकल नुसती उभी करून भाजी आणायला आत गेले. बाहेर आले तर सायकल नाही.

"चाकच फिरत नव्हतं, तर नेली कशी?" ते सुजाताला विचारत राहिले.

"बाबा, उचलून ट्रकमध्ये टाकली असेल."

त्या रात्री काका जेवले नाहीत. मला मात्र पुढे सांगताना म्हणाले, "आमच्याकडचा चोर सायकल चालवत न्यायचा गं. तेवढी तरी लाज होती त्याले."

सायकल गेली म्हणजे काय गेलं, हे आमच्या वस्तीत राहिल्याशिवाय कळणार नाही. बस नाही. फुटपाथ अर्ध्यात संपतो. सकाळी मुलगी-जावई आपापल्या गाड्या काढून निघून जातात, आणि एवढ्या मोठ्या घरात म्हातारा माणूस काचेला नाक लावून बसतो. अशी नाकं आमच्या गल्लीत बरीच आहेत. आपण मोठ्या हौसेने आईवडिलांना आणतो, फ्रिज भरून ठेवतो, आणि वर फोनवर विचारतो, "मजेत ना?" मला याची किळस येते. काका तर सरळ म्हणायचे, "गालिचा घातलेली कोठडी आहे ही."

म्हणून दुसरी सायकल आली तेव्हा त्यांनी कुलुपाचा पार अभ्यासच केला. यू आकाराचं जाड पोलादी कुलूप आणलं. ते मागच्या चाकातून आणि सांगाड्यातून, दोन्हींतून, घालायचं; पुढच्या चाकाला वेगळी साखळी; मध्ये पहार शिरेल एवढी फट ठेवायची नाही. आता लायब्ररी, तळ्याकाठी जमणारे इतर आजोबा, इंडियन स्टोअरमधली भेंडी, सगळं त्यांच्या हातात आलं. आणि जगाकडे बघून नाक मुरडायला सुरुवात झाली.

कोणी कोवळ्या रोपट्याला सायकल बांधलेली, कोणी कमरेएवढ्या खांबाला, की वरून अलगद काढून घ्या. नंबरचं कुलूप लावून एकच आकडा हलवणारे तर त्यांना डोळ्यांसमोर नको असत. एकदा स्टेशनवर आमच्याच कंपनीतला एक पुणेकर चकचकीत सायकलीला बारीक तार गुंडाळत होता. काका म्हणाले, "एवढी महाग सायकल अन् लंगोटीच्या नाडीएवढी तार? थू!" तो म्हणाला, "काका, चिल करा ना यार, सेफ टाउन आहे हे." "सेफ टाउन म्हणे! माझी सायकल काय पऱ्यांनी नेली?"

थंडी सुरू होता होता एका वळणावर गाडीचा धक्का लागून काका पडले. मनगट मोडलं, कपाळाला खोक पडली. गाडीवाल्याने काच खाली करून सॉरी म्हटलं आणि तो निघून गेला. रस्त्यावर पडलेल्या माणसाला काचेतून सॉरी! सुजाता हादरली. "आई गेली तेव्हा मी इथे होते, पोहोचू शकले नाही," ती मला म्हणाली, "आता बाबांना काही झालं तर मी काय करू? नो मोर सायकल." तिचं दुःख मला कळत होतं.

प्लास्टर निघालं त्या दिवशी मी काकांना भाकरी-पिठलं द्यायला गेले होते. ते तडक गॅरेजमध्ये गेले, मी मागोमाग. सायकल भिंतीतल्या लोखंडी कडीला बांधलेली होती. यू कुलूप मागच्या चाकातून आणि सांगाड्यातून. पुढच्या चाकाला साखळी. कुठेही फट नाही. किल्ली सुजाताच्या पर्समध्ये, आणि सुजाता ऑफिसात. काका वाकले. कुलूप ओढून पाहिलं, साखळी ओढून पाहिली, बराच वेळ बघत राहिले. मी "शी"ची वाट बघत होते.

"पास," ते म्हणाले. "एक चूक नाही. मीच शिकवलं नं तिले."

भाकरी त्यांनी तशीच ठेवली. आठवड्याभरात तिकीट काढायला लावलं. सुजाता रडली, किल्ली पुढे केली, पण ते म्हणाले, "मागून घेतलेली किल्ली कायले पाहिजे मले?" आणि भर बर्फात नागपूरला गेले. सायकल अजून त्या कडीला आहे. मी सुजाताकडे गेले की ते कुलूप दिसतं आणि माझं तोंड काकांसारखं होतं.

मागच्या रविवारी त्यांचा फोन आला. नवी सायकल घेतली म्हणाले.

"कुलूप कोणतं काका?"

"तेच जुनं. गोल. मागच्या चाकाले."

"शी! नापास!"

ते मनापासून हसले. "नापास तर नापास, बेटा. किल्ली माझ्या खिशात आहे."