मशीनीले कूलरचा वारा

अकोल्याच्या जुन्या शहरात आमची आणि देवमनची भिंत एकच. त्यांचं भांडण मुद्दाम ऐकावं लागत नाही, आपसूक ऐकू येतं. काही वर्षांमागं उन्हाळ्यात त्याची बायको शालू म्हणून राहिली होती, "त्या मशीनीची एवढी सेवा काहून करता? उद्या तेच तुमाले घरी बसवीन."

"ते नाही चालली तं बसीन घरी," देवमन म्हणाला. "मंग काम नागपूरले जाईन."

देवमन एका प्रयोगशाळेत कामाला. अंगातल्या पेशी म्हणे वेळ झाली की आपल्या आपण मरतात, माणसापेक्षा समजदार. औषध दिलेल्या उंदराच्या कलेजीचा पातळ काप काचेवर घ्यायचा, रंग लावायचा. अशा मेलेल्या पेशी हिरव्या चमकतात, त्या मोजायच्या. वर्षानुवर्षं देवमननं हेच केलं. डोळे गेले कामातून. मग मशीन आली. रंग तीच लावणार, मोजणारही तीच. प्रयोगशाळेच्या प्रमुख पौर्णिमा मॅडम म्हणाल्या, उन्हाळाभर हातानं आणि मशीनीनं दोन्ही मोजा. जुळलं तर मशीन तुमच्या हाती, नाहीतर काम नागपूरच्या प्रयोगशाळेला.

जुळेना. मशीन सांगे, सगळ्याच पेशी मेल्या. देवमनचं जेवण सुटलं.

एका दुपारी मॅडम अचानक खोलीत आल्या. पाहतात तर मशीनीचं झाकण उघडं आणि समोर कूलर फुल. घरी पाहुणा आला की आपण कूलरचं तोंड त्याच्याकडे फिरवतो, तसंच यानं केलं होतं. वाऱ्यानं काचेवरचा रंग वाळत होता, आणि वाळला की सगळाच काप हिरवा दिसतो.

"देवमन, तिला गरमी होते असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मले होते, मॅडम."

मॅडम हसल्या नाहीत. कूलर हटवला, झाकण लावलं, नवे काप घातले. आकडे जुळले. त्या दिवशी शालूनं आमच्याकडे आलूबोंडे पाठवले. कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

यंदा वय झालं म्हणून देवमन रिटायर झाला. शेवटच्या दिवशी संध्याकाळी हारतुरे होते, आणि सकाळी नेहमीसारख्या अमरावतीहून नमुन्यांच्या काचा आणायच्या होत्या. आज दुसऱ्याला पाठवू, असं कोणी म्हणालं. यानं ऐकलंच नाही. अमरावतीला गेला, बडनेऱ्याहून परतीची गाडी धरली, नमुन्यांचा डबा मांडीवर घेऊन बसला. अकोल्यात येऊन काचा मशीनीत लावल्या, हात धुतले, आणि शालूला फोन करून विचारलं, भाजी कोणती आणू.